तेलाची काटकसर आणि वेगाची हौस

एका मापभर तेलांत गाडीनें किती मैल जावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतिहासाचा वाटत नाहीं. तो गाडी हांकणाराचा, किंवा फार तर घरचा जमाखर्च लिहिणाराचा प्रश्न आहे, असेंच कोणीही म्हणेल. परंतु ज्या प्रश्नाच्या पायीं एका कुशाग्र बुद्धीच्या जर्मन संशोधकानें आपली प्रकृति व संपत्ति दोन्ही खर्चीं घातलीं, ज्याच्यासाठीं अमेरिकेसारख्या समर्थ राष्ट्रानें आपल्या सर्व रस्त्यांवरील वेगास कायद्याचा लगाम घातला, आणि ज्याच्या संबंधांत आमच्या डोळ्यांदेखत मोठमोठ्या कारखान्यांना कोट्यवधि डॉलर दंडादाखल मोजावे लागले, त्या प्रश्नास इतिहास नाहीं असें म्हणणें धाडसाचें होईल. डीझेलवर चालणारी पिक-अप गाडी लांबच्या प्रवासांत थोडक्या तेलांत कशी न्यावी, एवढाच विषय आम्ही येथें घेतला आहे. पण या लहानशा विषयाच्या पोटांत यंत्र, पैसा, कायदा आणि मनुष्यस्वभाव हीं चारही कशीं येऊन बसलीं आहेत, तें वाचकांस दिसेल अशी आमची आशा आहे.

पिक-अप म्हणजे पुढें दोघांतिघांना बसावयाची बंदिस्त जागा आणि मागें मालाचा उघडा हौदा, अशी गाडी. अमेरिकेंतील शेतकरी प्रथम आपल्या मोटारीच्या मागल्या अंगास गांवच्या सुतारालोहाराकडून पेटारा जडवून घेत. ही गरज ओळखून फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस कारखान्यांतच असा हौदा बसवून ती विकावयास काढली. पुढें १९५६ च्या कायद्यानें त्या देशांत सुमारें ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हातीं घेण्यांत आली, आणि शेतावर चारा व अवजारें वाहणारी ही गाडी पांच-पांचशें मैलांच्या एका दमाच्या प्रवासासही निघूं लागली. गाडीचा आकार मात्र शेतावरचाच राहिला. ही उंच, चौकोनी, मागें उघडी गाडी आणि हे अखंड सरळ रस्ते यांची जी गांठ पडली, तिच्यांतूनच तेलाच्या काटकसरीचा प्रश्न उभा राहतो. तो नीट समजण्यासाठीं आधीं त्या गाडीच्या पोटांतील यंत्राची जन्मकथा सांगितली पाहिजे.

उष्णतेपासून काम करून घेणाऱ्या कोणत्याही यंत्रास एक स्वाभाविक मर्यादा आहे, हें सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्यानें १८२४ सालींच दाखवून दिलें होतें. पण मर्यादा दूरच राहिली. प्रत्यक्षांत एकोणिसाव्या शतकांतील चांगलें वाफेचें यंत्रही कोळशांतील उष्णतेपैकीं शेंकडा दहाच्या आंतबाहेरच भाग कामीं लावी. बाकीची सारी उष्णता धुराड्यावाटे व वाफेवाटे आकाशांत जाई. ही उधळपट्टी ज्याच्या मनास डांचली, त्याचें नांव रूडॉल्फ डीझेल. त्याचा जन्म १८५८ सालीं पॅरिस येथें झाला. आईबाप मूळचे जर्मन. १८७० सालीं फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध जुंपलें, तेव्हां या कुटुंबास पॅरिस सोडून लंडनचा आश्रय करावा लागला, आणि बारा वर्षांच्या रूडॉल्फची रवानगी ऑग्सबुर्ग येथील नातलगांकडे झाली. पुढें म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत, शीतयंत्रांसाठीं प्रसिद्ध असलेले कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखालीं तो शिकला, आणि कार्नोचा आदर्श प्रत्यक्षांत कसा उतरवावा या एकाच विचारानें त्यास घेरलें.

त्याची कल्पना सांगावयास सोपी आहे. सायकलच्या पंपांत हवा दाबली असतां पंप तापतो, हें शाळेंतल्या मुलासही ठाऊक असतें. हीच हवा फारच जोरानें दाबली तर ती इतकी तापेल कीं, तींत तेलाचा फवारा सोडतांच तें तेल ठिणगीवांचून आपोआप पेटेल. पेट्रोलच्या यंत्रांत हवा व इंधन आधीं मिसळून मग दाबतात. तेथें दाब फार वाढविला तर मिश्रण अवेळीं पेटून यंत्रास हादरे बसतात. डीझेलनें आधीं नुसती हवा दाबली आणि इंधन शेवटच्या क्षणीं आंत घातलें. म्हणून त्यास दाब हवा तितका वाढवितां आला. आणि दाब जितका अधिक, तितका प्रसरणाचा लाभही अधिक, हें उष्णताशास्त्राचें सांगणें आहे. १८९२ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला, व १८९३ सालीं आपलें मत एका ग्रंथांत मांडलें. त्यांतील गणित फार महत्त्वाकांक्षी होतें, आणि तें जसेंच्या तसें साधणें शक्य नाहीं हें लौकरच त्याचें त्यालाच कळून आलें. ऑग्सबुर्गच्या कारखान्यांत १८९३ च्या ऑगस्टमध्यें पहिली चांचणी घेतली, तेव्हां दाब मोजण्याचें उपकरणच फुटून उडालें. त्यानंतर जवळजवळ चार वर्षें दुरुस्ती, फेरबांधणी व पुनः दुरुस्ती असा क्रम चालला. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्राध्यापक मोरित्स श्र्योटर यांनीं नव्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. इंधनांतील उष्णतेपैकीं शेंकडा २६·२ इतका भाग यंत्रानें कामांत आणून दिला. तें यंत्र म्युनिक येथील पदार्थसंग्रहालयांत आजही जपून ठेवलेलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हें यंत्र मोठमोठ्या कारखान्यांसाठीं असावें, असा डीझेलचा मूळ हेतु नव्हता. वाफेचें यंत्र धनिकासच परवडतें, म्हणून लहान कारागीर बुडतो. त्यास स्वस्त, लहान व काटकसरी यंत्र मिळालें तर तो आपल्या घरींच धंदा राखूं शकेल, असें त्याचें स्वप्न होतें. समाजरचनेवर त्यानें १९०३ सालीं एक पुस्तकही लिहिलें; लोकांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याच्या पद्धतीचें एक लहान यंत्र चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. परंतु त्या काळीं तेलाचा फवारा मारण्यासाठीं दाबलेल्या हवेचा जोर लागे, आणि ती हवा दाबण्यासाठीं एक वेगळें अवजड यंत्र जवळ बाळगावें लागे. त्यामुळें डीझेलचें यंत्र वीजघरांत व जहाजांत शिरलें. कारागिराच्या झोंपडींत तें लौकर पोंचलें नाहीं, व मोटारींतही मावलें नाहीं. पेटंटाच्या भांडणांनीं व फसलेल्या व्यवहारांनीं गांजलेला हा पुरुष २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडास जाणाऱ्या आगबोटीवरून नाहींसा झाला. पुढें समुद्रांत त्याचें प्रेत सांपडलें. बहुतेकांनीं ती आत्महत्या मानली. निश्चित कोणासच सांगतां आलें नाहीं.

यंत्र रस्त्यावर आलें तें त्याच्या मागें दहा वर्षांनीं. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनींत डीझेलचे पहिले मालमोटार-ट्रक निघाले, आणि १९२७ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें तेल नेमकें मोजून फवारणारा लहानसा पंप घाऊक प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. हवा दाबण्याचें तें जुनें लोढणें गेलें. या पंपाचें महत्त्व आम्हांस खुद्द यंत्राच्या खालोखाल वाटतें. कारण थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा कारकून मिळाल्यावांचून काटकसर ही नुसती इच्छाच राहते. १९३६ सालीं मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें ‘२६० डी’ ही डीझेलची प्रवासी मोटार विक्रीस आणली. शंभर किलोमीटरास तीस सुमारें नऊ लिटर तेल पुरे. तशाच पेट्रोलच्या गाडीस सुमारें तेरा लागत. ही गाडी विशेषतः भाड्याच्या टॅक्सीवाल्यांस आवडली, यांत नवल नाहीं. दिवसभर गाडी हांकून ज्यास पोट भरावयाचें, त्याच्याइतका काटकसरीचा चोखंदळ परीक्षक दुसरा कोण असणार?

अमेरिकेंत हेंच काम क्लेसी कमिन्स या इंडियाना प्रांतांतील मेकॅनिकानें केलें. तो मूळचा एका पेढीवाल्या गृहस्थाचा मोटारहांक्या. त्या गृहस्थाच्याच भांडवलावर १९१९ सालीं त्यानें कोलंबस गांवीं डीझेल यंत्रांचा कारखाना काढला. १९२९ च्या अखेरीस बाजार कोसळला, धंदा बसला, तेव्हां त्यानें आपलें एक यंत्र जुन्या पॅकर्ड मोटारींत बसविलें आणि १९३० च्या जानेवारींत इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटारप्रदर्शनास ती स्वतः हांकत नेली. अंतर ७९२ मैल. तेल ३० गॅलन. खर्च अवघा एक डॉलर अडतीस सेंट. पुढच्याच वर्षीं इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतींत त्याच्या यंत्राची गाडी उतरली. ती पहिली आली नाहीं, तेरावी आली. पण सबंध पांचशें मैलांत तेलासाठीं किंवा दुरुस्तीसाठीं ती एकदांही थांबली नाहीं, आणि तें त्या शर्यतींत पूर्वीं कोणासही साधलें नव्हतें. सशाच्या शर्यतींत कासवानें भाग घ्यावा व निदान आपली रीत सर्वांस दाखवून द्यावी, तसाच हा प्रकार झाला.

तथापि इतिहासलेखकानें जाहिरातीस भुलूं नये. कमिन्सच्या एक डॉलर अडतीस सेंटांत यंत्राचा गुण किती आणि तेलाच्या स्वस्ताईचा किती, हें वेगळें करून पाहिलें पाहिजे. हिशेब केला तर गॅलनास सव्वीस मैलांहून थोडें अधिक अंतर पडतें. जड मोटारीस हें त्या काळीं उत्तमच. पण गॅलनास साडेचार सेंटांच्या सुमाराचें तेल मिळालें, हाही त्या कीर्तीचा एक धनी होता. दुसरी गोष्ट अशी कीं, डीझेल तेल पेट्रोलपेक्षां घट्ट व जड असल्यामुळें त्याच्या एका लिटरांत उष्णता शेंकडा दहा ते पंधरा अधिकच सांठविलेली असते. म्हणून आमच्याकडे ज्यास गाडीचें ‘ॲव्हरेज’ म्हणतात, त्यांतील डीझेलच्या श्रेष्ठत्वाचा कांहीं भाग यंत्राचा नसून मापाचा आहे. उरलेलें श्रेय मात्र खरोखर यंत्राचेंच. एक तर त्यांतील दाब अधिक. दुसरें असें कीं, पेट्रोलचें यंत्र हलकें काम करतांना हवेच्या वाटेवरील झडप अर्धवट मिटून घेतें व त्या आंवळलेल्या वाटेनें हवा ओढण्यांतच आपली शक्ति दवडतें. डीझेलचें यंत्र हवा मोकळेपणीं घेतें आणि कमीजास्त करतें तें केवळ तेल.

आतां यंत्राकडून रस्त्याकडे वळूं. सपाट महामार्गावर एकसारख्या वेगानें जाणाऱ्या गाडीचें यंत्र झगडतें तें मुख्यतः दोघांशीं : टायरांच्या घर्षणाशीं आणि हवेशीं. टायरांचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाहीं. हवेचा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ५५ मैलांऐवजीं ७५ मैल वेग ठेवला, तर दर मैलामागें हवेशीं करावी लागणारी झुंज १·८६ पट होते. म्हणजे वेग दीडपटही वाढलेला नसतां हवेचा कर जवळजवळ दुप्पट द्यावा लागतो. ५५० मैलांच्या प्रवासांत त्याच्या मोबदल्यांत काय मिळतें? दहा तासांच्या ठिकाणीं सात तास वीस मिनिटें लागतात, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटें वांचतात. हा सौदा कोणास फायद्याचा वाटेल, कोणास तोट्याचा. पण सौदा आहे हें ओळखून तो केला पाहिजे. पिक-अप गाडीचें कपाळ उंच व रुंद असल्यामुळें हवेचा कर तिच्यावर इतर गाड्यांपेक्षां जड बसतो, हें तर उघडच आहे.

हें गणित एकदां सबंध राष्ट्रास शिकावें लागलें. १९७३ च्या ऑक्टोबरांत पश्चिम आशियांतील युद्धामुळें अरब राष्ट्रांनीं अमेरिकेचें तेल तोडलें. पंपांपुढें गाड्यांच्या रांगा लागल्या, आणि २ जानेवारी १९७४ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं सर्व देशांत ताशीं ५५ मैलांची मर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. या कायद्यानें तेल किती वांचलें याविषयीं तज्ज्ञांत मतभेदच राहिला, कारण रिकाम्या सरळ रस्त्यावर तो पाळणारे थोडे. परंतु १९७३ सालीं रस्त्यांवरील अपघातांत सुमारें ५४,००० माणसें मेलीं होतीं, तीं १९७४ सालीं सुमारें ४५,००० वर आलीं. तेलाच्या टंचाईमुळें लोक फिरलेही कमी. सारें श्रेय कायद्यास देतां येत नाहीं. तरीही तेल वांचविण्यास निघालेल्या राष्ट्राच्या हातीं मनुष्यांचे प्राण लागले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. लोकांस मात्र ती मर्यादा कधींच रुचली नाहीं. १९८७ सालीं ती सैल झाली, आणि १९९५ सालीं रद्दच झाली. कायदा गेला, पण वेगाच्या वर्गाचा नियम राहिला. तो कोणत्याही विधिमंडळास रद्द करतां येत नाहीं.

वेगाखालोखाल ज्या गोष्टी चालकाच्या हातीं आहेत, त्या लहान खऱ्या, पण मिळून त्यांची पुंजी बरीच होते. टायरांतील हवेचा दाब ओझ्याच्या मानानें, कारखान्यानें दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणें ठेवावा. अमेरिकन सरकारनें प्रसिद्ध केलेल्या माहितीप्रमाणें चारही टायरांतील दाब सरासरीनें एक पौंड उतरला, तर शेंकडा ०·२ इतकें मैलांचें मान घटतें. टपावर मोठा पेटारा बांधून महामार्गावरील वेगानें गेल्यास तेंच मान शेंकडा १० ते २५ पर्यंत उतरूं शकतें; म्हणून पिक-अपवाल्यानें माल शक्यतों हौद्यांत, टपाच्या उंचीच्या खालीं ठेवावा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हौद्याचें मागील फळकूट उघडें टाकलें म्हणजे वारा सरळ निघून जातो व तेल वांचतें. वाऱ्याच्या बोगद्यांतील प्रयोगांनीं ही समजूत खोटी ठरविली आहे. फळकूट बंद असतां हौद्यांत हवेचा एक भोंवरा कोंडून राहतो आणि वरचा प्रवाह त्याच्यावरून सरकत जातो; फळकूट उघडलें कीं ही घडी मोडते व विरोध बहुधा वाढतो. हौद्यावर घट्ट झांकण बसविलें तर मात्र थोडा लाभ होतो.

हांकण्याच्या पद्धतींतही विवेक आहे. दृष्टि दूरवर ठेवावी, म्हणजे ब्रेक क्वचित् दाबावा लागतो. ब्रेकच्या प्रत्येक दाबाबरोबर आधीं खर्चलेल्या तेलाची नुसती ऊब होऊन जाते. चढावर वेग थोडा पडूं द्यावा, तो हट्टानें राखूं नये. उतारावर गाडी गिअरमधून सोडून देऊन तेल वांचतें, हा आमच्याकडील घाटांतील जुना व घातक गैरसमज आहे. आजच्या यंत्रांत गाडी गिअरमध्येंच उतरत असतां व पाय उचललेला असतां तेलाचा पुरवठा आपोआप बंद होतो. गिअर सोडला तर यंत्र आपल्या पोटापुरतें तेल मागत राहतें, आणि यंत्राची आडकाठी जाऊन सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. उभ्या गाडीचें यंत्र उगाच घरघरत ठेवणें ही तर शून्य मैलांसाठीं केलेली खरेदी होय. यांतील एकाही गोष्टीस पैसा लागत नाहीं. बाजारांत तेल वांचविण्याचीं औषधें व यंत्रें नित्य नवीं निघतात. तीं घेण्यापूर्वीं या फुकटच्या गोष्टी केल्या कीं नाहीं, एवढें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

आतां पुनः इतिहासाकडे येऊं, कारण त्यांतील शिकवण पुढेंच आहे. तेलटंचाईनंतर अमेरिकेंत डीझेलची चलती झाली. १९७८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें आपल्या पिक-अपसाठीं व मोटारींसाठीं ओल्डस्मोबिल शाखेचें डीझेल यंत्र आणलें. पण डीझेलच्या दाबास पुरून उरतील असे डोक्याचे बोल्ट त्यास नव्हते, तेलांतील पाणी वेगळें करण्याची सोय नव्हती, आणि काटकसरीच्या आशेनें गाडी घेतलेल्या हजारों कुटुंबांस तें यंत्र फार महाग पडलें. डीझेलची पत त्या देशांत अशी एकदां बुडाली. ती १९८९ सालीं वर आली, ती कमिन्सच्या कारखान्याच्याच यंत्रानें. शेतीच्या व उद्योगाच्या कामांसाठीं आंखलेलें सहा सिलिंडरांचें यंत्र डॉज कंपनीनें आपल्या पिक-अपमध्यें बसविलें. त्याची शक्ति १६० घोड्यांची, व फिरविण्याचा जोर ४०० पौंड-फूट होता.

त्यानंतर तीस वर्षांत काय घडलें पाहा. यंत्रांत संगणक आला. तेलाचा फवारा दर फेऱ्यास अनेक तुकड्यांत व प्रचंड दाबानें मारतां येऊं लागला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर आंत जादा हवा कोंडण्याची, स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानें १९०५ सालीं पेटंट घेतलेली युक्ति पूर्णतेस गेली. या विद्येचा सारा लाभ तेल वांचविण्याकडे लावला असता तर? पण लावला गेला नाहीं. त्याच घराण्यांतील यंत्राचा जोर २०१९ सालीं १,००० पौंड-फुटांवर गेला. गाड्या उंच झाल्या, जड झाल्या, आणि एके काळीं फक्त ट्रकनें ओढावीं तीं ओझीं ओढूं लागल्या. यंत्र जें वांचवी तें हौस खर्चून टाकी. इंग्लंडांतील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यानें १८६५ सालीं कोळशाविषयींच्या आपल्या ग्रंथांत हेंच भाकीत केलें होतें. यंत्र जितकें काटकसरी होतें, तितका कोळशाचा खप उलट वाढतो, असें त्याचें म्हणणें होतें. पगार वाढला कीं शिल्लकही वाढेल असें समजणाऱ्या गृहस्थास हा अनुभव नवा वाटूं नये.

या हौसेहूनही गंभीर असा एक प्रकार आहे, व तो सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. डीझेलच्या यंत्रांत तेल थोडें आधीं फवारलें तर ज्वलन अधिक तापतें व तेल कमी लागतें. पण त्याच तापांत हवेंतील नत्र व प्राणवायु यांचा संयोग होऊन नत्राचीं विषारी ऑक्साइडें अधिक निर्माण होतात. म्हणजे चालकाच्या खिशांत जो पैसा वांचतो, त्याचा कांहीं भाग रस्त्याकडेच्या माणसांच्या फुफ्फुसांतून वसूल होतो. अमेरिकन सरकारनें १९९८ सालीं ट्रकयंत्रांच्या सात कंपन्यांवर असा आरोप ठेवला कीं, यांच्या यंत्रांतील संगणक परीक्षेच्या वेळीं स्वच्छ वागतो, आणि महामार्गावर एकसारखा लांबचा प्रवास सुरू झाला कीं गुपचूप तेल वांचविण्याची रीत धरतो. कंपन्यांनीं दोष नाकारला, पण तडजोड करून ८ कोटि ३४ लक्ष डॉलर दंड भरला. फोक्सवागन कंपनीचें प्रकरण २०१५ सालीं उघडकीस आलें. तिनें पुढें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. आणि २०२३ च्या डिसेंबरांत, डॉजच्या वंशांतील पिक-अप गाड्यांच्या लक्षावधि यंत्रांविषयीं कमिन्स कंपनीनें दोष मान्य न करतां १६७ कोटि ५० लक्ष डॉलर दंड देण्याचें ठरविलें. डीझेलचा धूर मनुष्यास कर्करोगकारक आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २०१२ सालींच जाहीर केलें होतें.

म्हणूनच आजच्या डीझेल गाडींत काजळी अडविणारी गाळणी असते, व नत्राचीं ऑक्साइडें मोडण्यासाठीं युरियाचें पाणी फवारलें जातें. गाळणींत सांठलेली काजळी जाळण्यास थोडें तेल जास्त लागतें. तें वांचविण्यासाठीं कित्येक लोक ही सारी व्यवस्था काढून टाकतात. अमेरिकेंत तो कायद्यानें गुन्हा आहे. आमच्या मतें तो कायदा नसता तरीही ती काटकसर नव्हती. आपला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटून आपलें घर स्वच्छ झालें असें म्हणणाऱ्या गृहिणीस आपण सुगरण म्हणत नाहीं. शिवाय लांबच्या प्रवासांत यंत्र चांगलें तापलेलें असल्यामुळें ती काजळी पुष्कळशी आपोआप जळते. गाळणी तुंबते ती रोजच्या तोकड्या फेऱ्यांत. ज्या प्रवासासाठीं ती काढावी म्हणतात, त्याच प्रवासांत तिचा त्रास सर्वांत कमी असतो.

या कथेचा एक धागा महाराष्ट्रांतही येऊन पोंचला आहे. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. तिचीं लहान डीझेल यंत्रें विहिरींवर, उंसाच्या मळ्यांत व पिठाच्या गिरण्यांत चालूं लागलीं. जेथें विजेची तार पोंचली नव्हती तेथें त्यांची फटफट ऐकूं येई. १९६२ सालीं त्याच घराण्यानें क्लेसी कमिन्सच्या कंपनीशीं भागी करून पुण्यास कोथरूड येथें कारखाना काढला. १९८८ सालीं टाटांच्या पुण्याच्या कारखान्यांतून ‘टाटामोबाइल’ ही डीझेलची पिक-अप गाडी बाहेर पडली, आणि भाजीपाला, दूध, कोंबड्या, मांडवाचें सामान असें सारें अशा गाड्यांच्या हौद्यांतून फिरूं लागलें. विहिरीवरील त्या एका सिलिंडराच्या यंत्राकडे पाहिलें कीं, लहान कारागिराच्या हातीं स्वतःची शक्ति यावी हें ऑग्सबुर्गच्या त्या संशोधकाचें स्वप्न त्याच्या देशाहून आमच्याच खेड्यांत अधिक खरें झालें, असें म्हणावेसें वाटतें. आणि ज्याचा घरप्रपंच मुंबईपर्यंतच्या एका खेपेच्या नफ्यावर चालतो, त्या पिक-अपवाल्यास तेलाच्या काटकसरीवर व्याख्यान देण्याची कोणासच गरज नाहीं. तो मैल आणि लिटर बोटांवर मोजत असतो.

शेवटीं या शंभरसव्वाशें वर्षांचा आढावा घेतां काय दिसतें? शेंकडा २६ पासून निघालेलें यंत्र आज मालट्रकांत शेंकडा ४५ च्या आसपास पोंचलें आहे. जहाजांवरील मंदगति यंत्रांनीं तर शेंकडा ५० ची वेस कधींच ओलांडली. ज्ञानाचें काम ज्ञानानें चोख केलें. परंतु वांचलेल्या तेलाचें पुढें काय करावयाचें, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेंत सुटलेला नाहीं. त्याचा निकाल दर वेळीं चालकाच्या उजव्या पायाखालीं लागतो. पुण्याहून नागपुरास किंवा इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कास निघालेल्या गृहस्थानें टायरांत हवा भरून घ्यावी, नको तें ओझें उतरून ठेवावें, आणि घरून अर्धा तास आधीं निघावें. या अर्ध्या तासाच्या अभावींच बहुधा पुढें घाई होते. तेल जळतें तें त्या घाईच्या पायीं, आणि कित्येकदां घर उजाड होतें तेंही तिच्याच पायीं.